वहीतल्या आकड्यांचा हिस्टोग्राम कसा काढायचा आणि त्यावरून धंद्याचं काय ठरवायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), तीन जुने लेथ आणि माळ्यावर एक टेबल म्हणजे ऑफिस. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांकडनं कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो, बिल लावतो आणि मग पैशाची वाट बघतो. मागं एकदा कॅश क्रेडिटची (बँकेकडनं धंद्याला मिळणाऱ्या उचलीची) लिमिट सारखी तोंडाला यायला लागली तेव्हा बँकवाल्यांनी विचारलं, तुमचं पेमेंट किती दिवसांत येतं? आण्णा म्हणाले, सरासरी ४६ दिवस. आकडा मीच काढून दिलेला, बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख यातलं अंतर, ४० बिलांची बेरीज भागिले ४०. गणित बरोबर होतं. पण त्या आकड्यावर आम्ही जे जे ठरवलं होतं, पगाराची तारीख, टूलिंगची खरेदी, जीएसटी भरायचं नियोजन, ते सगळं दर महिन्याला घसरत होतं, कारण ४६ दिवसांच्या आसपास पैसे देणारी पार्टी आमच्याकडं जवळजवळ नव्हतीच.

हे कळलं हिस्टोग्राम काढल्यावर. म्हणून तो कसा काढायचा, कसा वाचायचा, आणि वाचून नेमकं काय ठरवायचं हे लिहितोय. क्वालिटीवाल्यांना नाव माहीत असतंय, कस्टमरचं ऑडिट आलं की सेव्हन क्यूसी टूल्सचा तक्ता भिंतीवर लावतात (क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, ही सात साधनं जपानच्या काओरू इशिकावांनी लोकांपर्यंत नेली), त्यातलंच हे एक. नाव कार्ल पिअर्सन या इंग्लंडच्या संख्याशास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात दिलेलं. पण भिंतीवरच्या तक्त्यातनं ते आपल्या वहीत येत नाही, हीच अडचण आहे.

हिस्टोग्राम म्हणजे काय तर एकाच प्रकारचे भरपूर आकडे घ्यायचे, त्यांचे सारख्या रुंदीचे कप्पे करायचे, आणि कुठल्या कप्प्यात किती आकडे पडले ते खांब उभे करून दाखवायचं. बस्स. बार चार्टसारखा दिसतो पण बार चार्ट नव्हे. कुठल्या डिझाईनची चप्पल किती विकली हा बार चार्ट, तिथं खांब पुढंमागं केले तरी बिघडत नाही. हिस्टोग्राममध्ये खाली मोजमाप असतं, दिवस, ग्रॅम, रुपये, मायक्रॉन, ते चढत्या क्रमानंच येणार, आणि खांब एकमेकांना चिकटलेले असतात. मध्ये जागा रिकामी दिसली तर तिथं खरंच एकही आकडा नाही असा अर्थ, आणि कधीकधी ती रिकामी जागाच सगळ्यात जास्त बोलते.

आता आमची ४० बिलं. आधी साध्या वहीत करा असं माझं स्पष्ट मत आहे, एकदा हातानं केलं की पुढं कॉम्प्युटरनं काय केलंय ते कळतं. डाव्या बाजूला कप्पे लिहा, एकेक बिल बघत त्या कप्प्यापुढं रेघ मारा, पाचवी रेघ आडवी. आमचं असं आलं:

१० ते १९ दिवस: ३ बिलं
२० ते २९: १२
३० ते ३९: ९
४० ते ४९: २
५० ते ५९: १
६० ते ६९: १
७० ते ७९: ५
८० ते ८९: ६
९० ते ९९: १

बघा, दोन टेकड्या आहेत. एक २० ते ४० च्या मध्ये, दुसरी ७० ते ९० च्या मध्ये, आणि सरासरी पडते बरोबर दोघींच्या मधल्या खड्ड्यात, जिथं ४० पैकी फक्त दोन बिलं. वही घेऊन परत बसलो तर दुसऱ्या टेकडीतली जवळजवळ सगळी बिलं तीनच पार्ट्यांची निघाली. म्हणजे आमचा पेमेंट ४६ दिवसांनी येणारा एक धंदा नव्हताच, महिन्याभरात पैसे देणाऱ्यांचा एक आणि अडीच-तीन महिने लावणाऱ्यांचा एक असे दोन धंदे आम्ही एका सरासरीत कोंबले होते. दोन टेकड्या दिसल्या की पहिला प्रश्न हाच विचारायचा, यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात का? दोन पार्ट्या, दोन मशीन, दोन पाळ्या, सणाचे दिवस आणि साधे दिवस, काहीतरी असतंच. मग ते वेगळं काढून दोन हिस्टोग्राम करायचे आणि दोघांसाठी निर्णय वेगळे घ्यायचे.

यात तीन चुका मी केल्या, त्या तुम्ही करू नका. पहिली, जी बिलं अजून आलीच नाहीत ती मी सोडून दिली होती, कारण तारीखच नाही तर दिवस कसे मोजणार. पण सगळ्यात उशिराची बिलं तीच असतात, ती सोडली की चित्र आपोआप गोड दिसतं. त्यांच्यासाठी आजपर्यंतचे दिवस धरा आणि त्या रेघांना बारका गोल करा, म्हणजे हे अजून पुढं सरकणार आहेत हे लक्षात राहतं. दुसरी, अर्धं पेमेंट आलेली बिलं, त्यात मी पहिली रक्कम आली ती तारीख धरली होती, धरायची होती शेवटची. आणि तिसरी म्हणजे मी नुसती बिलं मोजली, रुपये नाहीत. बिलं मोजल्यावर ६० दिवसांच्या पुढची १३ निघाली, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पण तीच बिलं मोठी असतील तर अडकलेला पैसा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खूप जास्त असू शकतो. म्हणून त्याच कप्प्यांवर एकदा बिलांची संख्या आणि एकदा रकमेची बेरीज असे दोन्ही खांब काढा.

कप्पे किती करायचे, हे लोक सगळ्यात जास्त विचारतात. जितके आकडे त्याचं वर्गमूळ हा सोपा हिशोब, ४० आकड्यांचे साधारण सहा-सात कप्पे, १०० चे दहा. स्टर्जेस नावाच्या माणसानं १९२६ मध्ये एक सूत्र दिलंय, त्यानंही ४० ला सातच्या जवळपास येतं. पण मी कप्प्याची रुंदी आपल्या कामाच्या गोल आकड्यावर नेतो, १० दिवस, ५ ग्रॅम, १०० रुपये, मग कप्पे नऊ झाले तरी चालतंय. फक्त एकाच रुंदीवर विश्वास ठेवू नका. आमचीच ४० बिलं ५० दिवसांच्या कप्प्यात टाकली तर ५० च्या आत २६ आणि पुढं १४, एवढंच दिसतं, दोन्ही टेकड्या गायब. उलट दोन-दोन दिवसांचे कप्पे केले तर सगळीकडं एकदोन रेघा, दात पडलेल्या कंगव्यासारखं. दोन-तीन रुंद्या करून बघायच्या, जी गोष्ट सगळ्यांत दिसत राहते ती धरायची. आणि आकडे किमान ३० तरी हवेत, ५० असले तर बरं, दहा-बारा आकड्यांत जी टेकडी दिसते ती पुढच्या महिन्यात असेलच असं नाही.

काठावरच्या आकड्याचं आधी ठरवा. २० दिवस हे १० ते २० मध्ये की २० ते ३० मध्ये? एक नियम घ्या आणि तोच पाळा.

कॉम्प्युटरवर करायचं तर एक्सेल २०१६ पासून हिस्टोग्राम तयार मिळतो. एका कॉलममध्ये सगळे आकडे, कॉलम सिलेक्ट करून इन्सर्टमध्ये स्टॅटिस्टिक चार्ट, त्यात हिस्टोग्राम. तो कप्प्याची रुंदी स्वतःच ठरवतो आणि ती बहुतेक वेळा विचित्र असते, १३.७ वगैरे, म्हणून खालच्या आडव्या रेषेवर राईट क्लिक, फॉरमॅट ॲक्सिस, बिन विड्थमध्ये १० टाका. तिथंच ओव्हरफ्लो बिन आहे, तिथं १०० टाकलं की शंभरच्या पुढचं सगळं एका खांबात येतं. खाली कंस दिसतील, चौकोनी कंसाच्या बाजूचा आकडा त्या कप्प्यात धरलेला असतो, गोल कंसाच्या बाजूचा नसतो. गुगल शीट्समध्ये इन्सर्ट, चार्ट, सेटअपमध्ये चार्ट टाईप हिस्टोग्राम, मग कस्टमाईजमध्ये बकेट साईझ. तारखा टाकताना आपल्याकडं टिंब देऊन लिहायची सवय आहे, १२.०४.२४ अशी, ती बऱ्याचदा तारीख म्हणून घेतलीच जात नाही, वजाबाकीला एरर येतो, तिरकी रेघ किंवा डॅश वापरा. वजाबाकी करूनही उत्तरात तारीखच दिसली तर सेलचा फॉरमॅट नंबर करा.

आता शॉप फ्लोअरवरचं, कारण मला स्वतःला यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. २५ एमएमचा एक शाफ्ट आम्ही करतो, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) प्लस मायनस २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग), म्हणजे २४.९८० ते २५.०२०. ५० जॉबची (तयार नगांची) मापं घेऊन हिस्टोग्राम काढला आणि त्यावर दोन्ही लिमिटच्या उभ्या रेघा मारल्या. या रेघा मारायलाच पाहिजेत, नाहीतर चित्र नुसतं शोभेचं. मग तीन गोष्टी बघायच्या. टेकडी अरुंद आहे पण एका बाजूला सरकलीय का? तर ऑफसेट (मशीनमध्ये टूलची जागा मागंपुढं करायचा आकडा) दुरुस्त करा, दहा मिनिटांचं काम. टेकडी मध्यावर आहे पण इतकी पसरट की दोन्ही रेघांच्या बाहेर जातेय? तर ऑफसेट फिरवून काही होणार नाही, बेअरिंग, क्लॅम्पिंग, टूल, मटेरियलचा कडकपणा, तिकडं खर्च करायला लागणार. या दोन आजारांना औषध वेगळं आहे, आणि रिजेक्शन किती टक्के हा एकटा आकडा दोन्हीकडं सारखाच दिसू शकतो. सरकलेल्या टेकडीसाठी नवीन मशीनचं कोटेशन मागवलेलं मी बघितलंय.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. एकदा आमच्या रिपोर्टमध्ये वरच्या लिमिटच्या अगदी आत, २५.०१८ ते २५.०२० च्या कप्प्यात भला मोठा खांब आणि त्याच्या पुढं एकदम शून्य. टेकडीचा उतार असा सुरीनं कापल्यासारखा कधी संपत नाही. कुणीतरी आधीच निवडून बाहेरचे जॉब काढलेत किंवा काठावरची मापं आत लिहिलीत, दोनच शक्यता. मापं लिहिणारा पोरगा नवीन होता, रिजेक्शन दिसलं की त्याला ओरडा बसायचा, म्हणून २५.०२२ आलं की तो २५.०२० लिहायचा. चूक आमची होती, आम्ही त्याला तसं शिकवलं होतं. रिजेक्शन लिहिल्याबद्दल कुणाला बोलायचं नाही असं ठरवलं तेव्हा पुढच्या हिस्टोग्राममध्ये खरी शेपटी दिसली आणि ती दुरुस्तही करता आली. बाहेरनं माल घेताना सप्लायरच्या रिपोर्टमध्ये असा कडा कापलेला हिस्टोग्राम दिसला तर त्याच्याशी शांतपणे बोला, त्याची प्रोसेस नीट बसत नाही आणि तो निवडून माल पाठवतोय असा त्याचा बहुतेक अर्थ असतो. निवडताना एखादा सुटतोच.

आणि मापाचं साधन बघा. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात बारीक माप) ०.०२ एमएम असेल तर ४० मायक्रॉनच्या एकूण टॉलरन्समध्ये त्याला दोन-तीन घरंच मिळतात, तिथं मायक्रोमीटरच पाहिजे. कप्प्याची रुंदी लीस्ट काउंटपेक्षा बारीक ठेवली तर एक खांब उंच, एक रिकामा, एक उंच, असं येतं, आणि आपण मशीनमध्ये दोष शोधत बसतो.

आमच्या दाजींचं गुऱ्हाळ आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, आता गिऱ्हाईक एक किलोचं पॅकिंग मागतंय, मोठे रवे न्यायला कोण तयार नाही. वजन कमी भरलं तर कायद्याचं लफडं आणि नाव जाणार, म्हणून साचा जरा जास्तच भरायचा हा गडी माणसांचा नियम. त्यांच्या १०० ढेपा वजन केल्या, ५ ग्रॅमचे कप्पे. पसारा ९९० पासून १०५० पर्यंत, सरासरी १०२२. दाजी म्हणाले, मग २२ ग्रॅम कमी भरायला सांगतो. तसं केलं असतं तर सगळी टेकडी २२ ग्रॅम डावीकडं आली असती आणि जवळपास निम्म्या ढेपा किलोच्या खाली गेल्या असत्या. आधी पसारा कमी करायचा, मगच सरासरी खाली आणायची. सगळे साचे एका मापाचे केले, भरताना प्रत्येक ढेप काट्यावर ठेवून काढ-घाल सुरू केली, तेव्हा पसारा १००० ते १०१६ आणि सरासरी १००८ वर आली. हजार ढेपांमागं २२ किलो फुकट जात होता तो ८ किलोवर आला, म्हणजे १४ किलो गूळ वाचला आणि कमी वजनाची एकही ढेप नाही. धंद्यात पसारा म्हणजे पैसा, हे मला तिथं डोळ्यांनी दिसलं.

मामांच्या मिसळीच्या गाडीचं जरा वेगळं. रोज किती प्लेटची तयारी करायची? मटकीची उसळ आणि कट दुसऱ्या दिवशी चालत नाही. रविवार आणि सणवार आधीच वेगळे काढले, साधे ४७ दिवस राहिले: ८० ते ९९ प्लेट ४ दिवस, १०० ते ११९ प्लेट १४ दिवस, १२० ते १३९ प्लेट १७ दिवस, १४० ते १५९ प्लेट ९ दिवस, १६० ते १७९ प्लेट ३ दिवस. सरासरी १२६ च्या आसपास, आणि तेवढीच तयारी केली तर जवळजवळ निम्मे दिवस माल कमी पडणार. अशा वेळी खांब डावीकडनं बेरीज करत जायचे, ४, १८, ३५, ४४, ४७. म्हणजे १४० ची तयारी केली तर ४७ पैकी ३५ दिवस पुरते, १६० ची केली तर ४४ दिवस. आता प्रश्न पैशाचा, उरलेल्या प्लेटचं नुकसान जास्त की परत गेलेल्या गिऱ्हाईकाचं? एक प्लेट वाया गेली तर उसळ, कट, फरसाण, ब्रेड यातला फक्त नासणारा खर्च जातो, फरसाण आणि ब्रेड उद्या चालतो. गिऱ्हाईक परत गेलं तर पूर्ण नफा जातो, आणि ते शेजारच्या गाडीवर बसलं तर पुढचेही जातात. मामांनी १५५ धरलं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ज्या दिवशी माल दुपारीच संपला त्या दिवसाचा आकडा खरी मागणी नसते, ती जास्त होती, त्या दिवसापुढं खूण करा.

चप्पल लाईनला (कोल्हापुरातला चपलांचा बाजार) मैत्रिणीचं दुकान आहे, तिच्या बिलांच्या रकमांना उजवीकडं लांब शेपूट होतं, बहुतेक बिलं हजाराच्या आत आणि थोडी खूप मोठी, टूरची बस आली की. तिथं सरासरी बिल बघून माल भरायचा नाही, मधला आकडा बघायचा, सगळी बिलं चढत्या क्रमानं लावून बरोबर मधलं. आणि शेपटातली बिलं चुकीची म्हणून खोडायची नाहीत. टायपिंगची चूक असेल तरच खोडा, नाहीतर तेही गिऱ्हाईक आहे, त्यासाठी वेगळं नियोजन करा.

हिस्टोग्राममध्ये वेळ दिसत नाही, ही त्याची मोठी उणीव. टूल झिजत झिजत माप सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर चढत गेलं तरी हिस्टोग्राम छान गोल टेकडी दाखवू शकतो. म्हणून आकडे ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं एका कॉलममध्ये ठेवा आणि त्याचा साधा लाईन चार्टही काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघायची सवय लावा.

आमच्या बिलांचं पुढं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या टेकडीतल्या तिन्ही पार्ट्यांकडं आण्णा आणि मी कागद घेऊन गेलो. भांडायला नाही, चित्र दाखवायला. आमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, आणि एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) प्रमाणं सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट, करारात काहीही लिहिलं तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लागतंय, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही असं आहे की मुदतीत न दिलेली ही रक्कम घेणाऱ्याला खर्च म्हणून ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी धरता येते. तिघांपैकी दोघांच्या अकाउंट्सवाल्यांना हे माहीत होतं, आमची नोंदणी आहे हेच त्यांच्याकडं नोंदवलेलं नव्हतं, सर्टिफिकेट दिलं आणि बिलावर नंबर छापायला लागलो. सहा महिन्यांनी त्याच दहा दिवसांच्या कप्प्यांत परत ४० बिलं मांडली (कप्पे तेच ठेवायचे, नाहीतर तुलना होत नाही). दोघांची बिलं ४० ते ५० मध्ये आली. तिसऱ्याची ८० च्या पुढंच राहिली, त्याचं नवीन काम आम्ही घेणं थांबवलं आणि तो सीएनसीवरचा वेळ २५ दिवसांत पैसे देणाऱ्या एका पार्टीला दिला.